मधल्या बोटातली जागा

"दुखतं का आता?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. वर्षभर बरं आहे."

ते संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दुखत नाही हे खरं. पण आजार थांबलेला नाही."

माझ्या लेखी निदान त्या दिवशी झालं. 'रुमेटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव आधीच कळलं होतं. यात शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सुरुवात सकाळी मूठ न वळण्यापासून झाली. बोईसरला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. हूक लावताना सुई बोटांतून निसटायला लागली. मग गोळ्या सुरू झाल्या, सूज उतरली, सुई पुन्हा धरता आली. मला वाटलं, सुटले.

डॉक्टरांनी माझ्या उजव्या हाताचे दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले, गेल्या वर्षीचा आणि आताचा. मधल्या बोटाच्या मुळाशी दोन हाडांमध्ये काळी फट होती. तिथे कूर्चा असते, हाडांमधली मऊ गादी. एक्स-रेत ती उमटत नाही, म्हणून जागा रिकामी दिसते. कूर्चा झिजली की फट अरुंद होते. याला 'जॉइंट स्पेस नॅरोइंग' म्हणतात. त्यांनी दोन्हीकडे माप घेतलं. आताची फट जवळजवळ निम्मी होती.

त्याच वर्षी मी दिवाळीची सगळी शिलाई उरकली होती. भाचीच्या हळदीला नाचले होते. आणि आत हे चाललं होतं, मला जराही चाहूल न देता.

तिथून मी थेट केळव्याला मावशीकडे गेले. माझी आई तिथल्या वाडीत विड्याची पानं खुडायची. तिची बोटं एका बाजूला कलली होती, एवढंच मला आठवत होतं. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. मावशी म्हणाली, "तुज्या आईचं दुखणं शेवटी गेलं होतं, बाय. बरं हाय, म्हणायची. पण मूठ उघडायची नाय."

बरं हाय. मीही डॉक्टरांना हेच सांगून आले होते.

नवी इंजेक्शनं ठरली. ती शरीराच्या संरक्षणव्यवस्थेलाच आवर घालतात, म्हणून त्याआधी अंगात टीबी लपलेला नाही ना, याची तपासणी झाली. पुढचं वर्ष कसं काढलं, ते माझं मला ठाऊक. हात दुखला की भीती वाटायची, नाही दुखला की जास्त वाटायची. मापाला आलेली बाई हात वर करी आणि टेप हातात धरून मी तिची बोटं बघत बसे. रिकाम्या दुकानात मधलं बोट वाकवून कान लावायचे. काय ऐकू येईल वाटत होतं, कोण जाणे.

पुढचा एक्स-रे त्याच सेंटरमध्ये, हात तसाच सपाट ठेवून काढला. हात तिरका पडला तर फट खोटी दिसते. डॉक्टरांनी माप घेतलं, पुन्हा घेतलं.

"तेवढीच आहे."

"वाढली नाही?"

"गेलेली जागा परत येत नाही, ताई. पण आहे ती टिकली."

मला तिथेच रडू आलं. मी बरं आहे म्हणत असतानाही त्यांनी माप घेतलं, हे त्यांचे उपकार. तुमच्यापैकी कुणाला हा आजार असेल, तर दुखायचं थांबलं म्हणून तपासणी सोडू नका. माझी भीती गेलेली नाही, पण आता दर वर्षी मी तिला घेऊनच एक्स-रेला जाते.

संध्याकाळी मावशीला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, "तिचा असा फोटू काडला असता, तर दिसलं असतं?"

"दिसलं असतं, मावशी."

"आमी तिला कामचुकार म्हणायचो," ती म्हणाली.

फोन दोघींपैकी कुणीच ठेवला नाही.