दाब, धर, सोड

गाडीचा ब्रेक घरच्याच माणसाने उघडायचा, हा माझ्या सासऱ्यांचा कायदा होता. इंजिन गॅरेजला दिलेलं चालेल, एसी दिलेला चालेल, पण गणपतीला गावी जाणाऱ्या गाडीच्या ब्रेकला परक्याचा हात लागता कामा नये. लग्न होऊन मी मुलुंडहून बोरिवलीला आले तेव्हा मला वाटलं होतं, काहीतरी देवाधर्माचं असेल. माझ्या माहेरी गाडीच नव्हती, त्यामुळे मला उशिरा अक्कल आली. ब्रेक जो उघडतो त्याच्याच खिशात चावी राहते, म्हणून हा सगळा खटाटोप होता.

चावी सासऱ्यांच्या शर्टाच्या खिशात असायची. माझ्या नवऱ्याचं वय सेहेचाळीस, लायसन्स आहे, पण गावी जाताना दरवर्षी तो बापाच्या बाजूच्या सीटवर पाण्याची बाटली धरून बसायचा. गावची त्याच्या वयाची माणसं त्याला तोंडावर विचारायची, काय रे, यंदा पण आणलं का बाबांनी? तो हसायचा. घरी परत आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलायचा नाही. ते दोन दिवस मला काढावे लागायचे, म्हणून मला त्या चावीचा सासऱ्यांपेक्षाही जास्त राग होता.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी सासऱ्यांचे डोळे तपासून गाडी चालवायची नाही असं बजावलं. त्यातच गाडीचं एक पुढचं चाक तापायला लागलं. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढायची. कॅलिपर, म्हणजे चाकाच्या आतली चकती दोन्हीकडून दाबून धरणारा लोखंडी जबडा, गंजून अडकला होता. सासरे नवऱ्याला म्हणाले, "दोन्ही बाजूचे खोल, साफ कर, नवी रबरं घाल, परत बसव. ब्रेक लागला तर चावी तुझी. नाहीतर सगळे एसटीने जाऊ."

एसटीने सगळे गेलो असतो तर सासरे अख्ख्या वाडीला कारण सांगत फिरले असते. नवरा लगेच हो म्हणाला.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी जॅकवर चढली. सासरे प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन समोर बसले, हातात काठी. नवऱ्याने चाकं काढली, दोन्ही कॅलिपर उतरवले. आतला पिस्टन गंजाने असा रुतला होता की बाहेर काढताना त्याची बोटं सोलली. जुन्या चादरीवर त्याने नीट मांडणी केली, डाव्या चाकाचं सगळं डावीकडे, उजव्याचं उजवीकडे. पॉलिश पेपरने पिस्टन घासून काचेसारखा केला. मोबाईल टायरला टेकवून ठेवला होता, मधूनमधून व्हिडिओ थांबवून बघायचा. मला त्याचं फार कौतुक वाटत होतं, आणि सासऱ्यांच्या देखत तसं मी बोललेही. तेच चुकलं.

सासरे एरवी आमच्याशी साधं मराठी बोलत. कोणाला सोलायचं असलं की मालवणीत शिरत. रविवारची माणसं भाजी घेऊन येत-जात होती. प्रत्येकाला थांबवून, मुलाकडे काठी दाखवत ते सांगायचे, "माझो झील बघा. मोबाईलात बघून गाडी खोलता." माणसं हसायची. नवराही हसायचा. मग ते त्याच्याकडे वळून म्हणायचे, "तुका जमाचा नाय रे." हे वाक्य मी या घरात आल्यापासून ऐकत होते. बँकेच्या परीक्षेला, फ्लॅटच्या व्यवहाराला, स्वतःच्या आईच्या औषधांनाही त्याला हेच ऐकवलं गेलं होतं.

जेवून खाली आलो तर सासऱ्यांनी काठी चादरीवर आपटली. "ह्या सगळा दक्षिणेक तोंड करून काय ठेवलंस? गावाक जाऊची गाडी ती. फिरव!"

दक्षिणेकडे तोंड करून आमच्या घरात काहीच ठेवत नाहीत, देव नाही, चूल नाही, चपला नाहीत. नवरा लहानपणापासून या धाकात वाढलेला. त्याने चादरीची दोन टोकं धरली, मी दोन धरली, आणि आम्ही ती सामानासकट उलट्या दिशेला फिरवली. डावीकडचं उजवीकडे गेलं, उजवीकडचं डावीकडे. आमच्या दोघांच्या ते डोक्यातही आलं नाही. त्याने डाव्या हाताला होता तो कॅलिपर डाव्या चाकाला लावला. आणि तो बसलाही. दिसायला दोन्ही सारखेच.

मग मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. पाइपात शिरलेली हवा बाहेर काढल्याशिवाय ब्रेक लागत नाही. त्यासाठी एकाने आत बसून पायाने ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने चाकापाशी बसून कॅलिपरचं छोटं निपल उघडायचं, की तेलाबरोबर हवेचे बुडबुडे निघतात. नवरा खालून ओरडायचा, "दाब… धर… सोड." मी दाबायचे, धरायचे, सोडायचे. पाय दर वेळी लोण्यात गेल्यासारखा खाली जायचा.

दुपार गेली. दोन बाटल्या ब्रेक ऑइल संपलं, तिसरी त्याने नाक्यावरून धावत जाऊन आणली. दाब, धर, सोड. माझ्या पोटरीत गोळे यायला लागले. मी म्हटलं, "अरे, काहीतरी गडबड आहे, थांब ना जरा." तो म्हणाला, "तू दाब गं, प्लीज." त्याचा आवाज रडका झाला होता. समोर सासरे चहा पीत होते. मधूनच मला म्हणाले, "सूनबाई, जरा जोर लावून." मी जोर लावला. क्रिकेट संपवून सोसायटीचे पाच-सहा पुरुष गाडीभोवती उभे राहिले आणि जो तो सल्ले द्यायला लागला.

ऊन उतरल्यावर सासरे खुर्चीतून उठले. सावकाश चाकापाशी आले आणि काठीचं टोक कॅलिपरच्या निपलवर ठेवलं. ते निपल खालच्या अंगाला होतं.

"हवा खंय जाता रे, मेल्या? वर काय खाली?"

नवरा उकिडवा बसून बघत राहिला. निपल वर असायला हवं होतं. ते खाली असल्यामुळे हवा वरच्या वर अडकून बसली होती आणि आम्ही दुपारभर नुसतं तेल काढत होतो. कॅलिपर उलटसुलट लागले होते.

"माका जेवल्यावरच दिसला होता," सासरे जमलेल्या माणसांना म्हणाले. "म्हटला, बघूया, ह्येका कधी कळता." आणि खोकला येईपर्यंत हसले. ते सगळेही हसले.

मी गाडीतून उतरायला गेले तर पाय जमिनीवर ठरेना. चादर फिरवायला सांगणारा हाच माणूस, चूक दिसल्यावर गप्प बसणाराही हाच, आणि मला जोर लावायला सांगणाराही हाच. मला त्या काठीने त्यांनाच झोडावंसं वाटलं. हे मी मनाला लावून घेतलं, आणि ते जावं असा प्रयत्नही केला नाही.

नवऱ्याने दोन्ही कॅलिपर काढले, अदलाबदल करून लावले. या वेळी थोडक्यात काम झालं, ब्रेक दगडासारखा कडक लागला. सासऱ्यांनी स्वतः हाताने दाबून बघितला. मग खिशातून चावी काढली, आणि पुढे झालेल्या मुलाच्या तेलकट हाताला वळसा घालून माझ्या हातात दिली. मला सायकलसुद्धा येत नाही.

"काम हिना केल्यान," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चावी हिका."

मी ती घरात गेल्यावर नवऱ्याला दिली. त्याने घेतली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

गणपतीला आम्ही निघालो. नवरा चालवत होता, मी पुढे, सासरे मागे नारळांच्या पोत्याला टेकून. पुढे कोण बसणार हे कोणी विचारलंच नाही, मी आधीच जाऊन बसले होते. परशुराम घाटात उतार लागला तशी मागून धप्प धप्प असा आवाज यायला लागला. मी वळून बघितलं. वळण आलं की सासरे उजवा पाय पुढे घेऊन रबरी मॅटवर दाबत होते. डोळे मिटलेले, ओठ घट्ट. अख्खं आयुष्य या घाटात त्यांच्याच पायाने गाडी थांबवली होती.

पुढचं वळण आलं.

"दाबा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले.

"धरा… आता सोडा. बाबा, जरा जोर लावून."

नवरा हसला. बापासमोर तोंड उघडून हसताना मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. सासऱ्यांनी पाय मागे घेतला, मग दोन्ही पाय सीटवर उचलून मांडी घातली आणि तसेच बसून राहिले. मला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

अंगणात गाडी लागली तेव्हा वाडीतली माणसं जमली. नवरा बोटात चावी फिरवत उतरला. त्याच्या वयाचे ते सगळे पुढे आले, एकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. मागचं दार उघडं होतं, पण सासरे बाहेर येत नव्हते. मांडी घालून घालून त्यांचे पाय बधीर झाले होते, आणि ते कोणाला सांगतही नव्हते. एक पाय हाताने उचलून खाली ठेवायचा प्रयत्न चालला होता.

नवऱ्याने ते बघितलं. मग, आयुष्यात कधी माझ्याशी मालवणीत न बोललेला तो माणूस, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाला, "बाबांका जरा हात देवा रे कोणीतरी. त्यांका जमाचा नाय."

आवाज थेट सासऱ्यांचा होता. दोघं जण पुढे झाले आणि त्यांना काखेत धरून बाहेर काढलं. कोणी हसलं नाही, फक्त नवरा हसला, आणि खोकला येईपर्यंत हसला. मी डिकी उघडून पिशव्या काढायला लागले.