कौदीचं पोट

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सुया ओवणं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. संध्याकाळचा चहा झाला होता, कट्ट्यावर अजून उजेड होता. तिचा मोतीबिंदू पिकत आला होता आणि माझ्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, म्हणून सुया ओवायचं काम माझ्याकडं. रिळाचा दोरा तोडायचा नाही. एकामागं एक सगळ्या सुया त्याच दोऱ्यात ओवून ठेवायच्या. शिवायला बायका आल्या की एक सुई पुढं ओढायची, लागेल तेवढा दोरा घ्यायचा आणि तोडायचा. ही तिची रीत. मी ओवत होतो आणि ती समोर बसून जुनं लुगडं टराटरा फाडत होती.

"हळू फाड की. शेजारी म्हणतील, म्हातारा-म्हातारीचं लागलं."

"म्हणू देत. फौंडेशनवाले येणार आहेत ना, त्यांनाही तेच दाखवू. ही आमची कला म्हणून."

सकाळी ती उठली नाही. चहा ठेवला आणि हाक मारली. दुसरी मारली. तिसरी मारायचं धाडस झालं नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. धारवाडजवळ बेलूरच्या कारखान्यात लेथवर उभा राहून हुबळीच्या कडेला उणकलमध्ये हे घर बांधलं. मूलबाळ नाही. घराच्या पुढच्या खोलीत ही कौदीचा वर्ग चालवायची. कौदी म्हणजे आपली गोधडी. इकडं मराठी काय नि कन्नड काय, सगळे कौदीच म्हणतात. दुपारी गल्लीतल्या बायका यायच्या, शिवायच्या, जुनी पदं म्हणायच्या. संध्याकाळी त्यांचीच पोरं अभ्यासाला बसायची, शिकवायला एक बाई यायची. बेंगळूरचं एक फौंडेशन या सगळ्याला अनुदान द्यायचं. कापड, दोरा, चटया, शिकवणाऱ्या बाईचा पगार, सगळं त्यातून.

सुरुवातीला मी हिला टोचायचो. "दुसऱ्याच्या पैशावर कला कसली करता?"

"आणि तुम्ही काय स्वतःच्या पैशावर लोखंड कापत होता? मालकाच्याच ना?"

पुढं त्या गलक्याची सवय झाली. इतकी की रविवारी वर्ग बंद असला की मी उगाच भांडी वाजवायचो.

ती गेल्यावर एकच भीती पोटात बसली. फौंडेशननं हात काढला तर वर्ग बंद होणार. मग त्या खोलीचं दार लागणार आणि दाराच्या आत मी राहणार. लोक म्हणतात, म्हाताऱ्याला मरणाची कसली भीती. मला होती. आणि त्याहून जास्त भीती होती ती त्या खोलीत एकट्यानं ताट घेऊन बसायची.

फौंडेशनवाल्यांना दाखवायला सगळ्यांनी मिळून एक मोठी कौदी धरली होती. चारी बाजूंनी बायका बसतात, काठापासून टाके घालत आत आत येतात. शेवटी मधोमध तळहाताएवढी जागा उघडी राहते. तिथं भाकरीचा तुकडा आणि गूळ घालायचा आणि मगच शिवून टाकायचं. कन्नड बायका म्हणतात, होट्टी तुंबस्बेकु. पोट भरायला पाहिजे. उपाशी कौदी अंगावर घेतली तर घरातलं माणूस उपाशी राहतं, असं म्हणतात. आणि पोट भरायचा मान जिनं पहिला टाका घातला तिचा. या कौदीचा पहिला टाका हिचा होता. ही गेली तेव्हा तळहाताएवढी जागा तशीच उघडी होती.

तेरावं झाल्यावर बायका आल्या. कौदीभोवती बसल्या, हात मांडीवर ठेवून. कुणी त्या भोकाला बोट लावलं नाही. गाणंही नाही. आमच्या गल्लीत सगळ्यांत थोरली एक अक्का आहे, तिचा शब्द सगळ्या मानतात. ती उठताना म्हणाली, "थोडा वेळ जाऊ दे, अण्णा."

वेळ कुठला? फौंडेशनच्या मॅडमचा फोन आला. वाईट वाटलं म्हणाल्या. मग म्हणाल्या, वर्ग चालू आहे ना ते आमच्या कमिटीला बघावं लागतं, मी येऊन जाते. ती मोठी कौदी झाली का?

"झाली," मी म्हटलं. तोंडातून गेलं ते गेलं.

उणकलमधल्या शिंप्यांच्या बायका आमच्याच वर्गात. म्हणून कौदी पिशवीत कोंबून बस धरली आणि धारवाडला सुभाष रोडला गेलो, तिथं मला कोण ओळखतंय? एका गाळ्यात मशीन चालू होती. शिंपी माझ्यापेक्षा थोडा लहान असेल.

"काय अज्जा, कौदीला मशीन? बायको रुसली काय?"

"हो, रुसली."

"मग मनव की. मशीननं रुसवा जाईल होय?" हसत हसत त्यानं कौदी अंथरली. भोकावर हात ठेवला आणि हसायचा थांबला. "पोट भरलंय ना?"

"भरलंय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. बोट घालून बघितलं असतं तर कळलं असतं, पण त्यानं घातलं नाही. सुई खाली आली, खड खड खड, आणि भोक बंद. पैसे दिले आणि सुटलो. सुटलो असं बस स्टँडपर्यंतच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका आल्या. मी मुद्दाम कौदी पसरून ठेवली होती, म्हटलं बघून खूश होतील. अक्कानं कडेपासून हात फिरवत आणला. मधोमध येऊन हात थांबला. तिनं कौदी उलटी केली, खालून बघितली.

"मशीनचा टाका," तिच्या शेजारी बसलेली म्हणाली.

"आत काय घातलंस?" अक्कानं विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. आदल्या दिवशी बोललोच होतो. पण अक्काच्या तोंडाकडं बघून जमलं नाही. "काही नाही," म्हटलं.

अशा उठल्या की चटई गुंडाळायलाही कुणी थांबली नाही. एकीचा नातू त्या संध्याकाळी तापानं फणफणला. झालं. त्यानंतर कुणी आलं नाही. पोरांनाही पाठवलं नाही. मी गल्लीत उभा राहून ओरडलो, "अहो, हवा बदललीय म्हणून ताप आलाय! सगळ्या गावाला आलाय!" दारं बंदच राहिली.

ओरडलो खरा, पण घरात आल्यावर माझं मलाच खरं वाटेना. जेवायला बसलो की ती कौदी समोर. पाठ करून बसलो तर पाठीवर कुणी बघतंय असं वाटे. घास तोंडात फिरायचा, खाली उतरायचा नाही. ट्रंकेत घालून झाकण लावलं. मग वाटलं, आत कोंडली. परत काढली. खुळ्यासारखं हेच चाललं होतं. शेजारी उंबऱ्यावर भात ठेवून जायचे, तोही कुत्र्याला जायचा. उपाशी कौदी घरात ठेवली की घरचं माणूस उपाशी राहतं, ते मीच होतो की.

मॅडम आल्या तेव्हा खोलीत मी एकटा. वयानं लहानच, खांद्याला पिशवी, हातात मोबाइल. कन्नडमध्ये बोलत होत्या आणि मला 'सर' म्हणत होत्या. मला आयुष्यात कुणी सर म्हटलं नव्हतं. त्यानं भीती आणखी वाढली.

"सर, बायका कुठं आहेत?"

काय काय सांगायचं ते पाठ केलं होतं. लग्नाला गेल्यात. देवाला गेल्यात. सगळं विसरलो.

"घाबरून गेल्या."

"कुणाला घाबरल्या?"

"हिला," मी कौदीकडं बोट केलं.

वाटलं आता हसतील. नाही हसल्या. खाली बसल्या आणि मशीनच्या टाक्यावरून बोट फिरवलं. मग मी सगळं सांगितलं. शिंपी, पोट, नातवाचा ताप, सगळं. त्यांनी विचारलं, या वर्गाचा बायकांना काय उपयोग झाला. मी म्हटलं, "उपयोग म्हणजे काय ते मला माहीत नाही. यायच्या, बसायच्या, गायच्या, सासूला नावं ठेवायच्या. पोरं पाढे म्हणायची. हे घर भरलेलं असायचं."

त्यांनी ते मोबाइलवर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मी आज हुबळीत राहते. उद्या गाडीला जायच्या आधी येऊन जाईन. बायका दिसल्या तर चालू आहे म्हणून सांगेन. नाही दिसल्या तर, सर, मला खोटं लिहिता येणार नाही."

"बरोबर आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या गेल्या तसा चप्पल न घालताच अक्काच्या दारात गेलो. तिनं आत बोलावलं नाही. तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही.

"अक्का, उद्या शेवटचा दिवस. कौदीचं काय करू सांग."

"आधी विचारायचं होतं. मशीन घालून आणल्यावर विचारतोय."

"चुकलं. आता सांग. जिनं सुरू केली ती नाही, मग पोट कुणी भरायचं?"

"एका चुलीचं माणूस भरतं. तिच्या चुलीवरचं कोण खात होतं?"

"मी."

"मग?"

"मी गडी माणूस, अक्का. सुई धरू?"

"सुया कोण ओवत होतं रोज?"

पण खरी भीती दुसरीच होती, ती बोलून टाकली. "गेलेल्या बाईच्या कौदीचं पोट भरलं की ती भरणाऱ्याला बोलावते म्हणतात. ते?"

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "बोलावलं तर सांग, अजून काम उरलंय म्हणून. तुझ्यासारख्याला न्यायला ती एवढी घाई करेल होय? जरा सुखानं बसू दे तिला."

"बायका येतील का?"

"ते मी कशी सांगू? तू तुझं कर."

सकाळी उठलो तो थेट ब्लेड घेऊन बसलो. मशीनचा टाका बारीक आणि घट्ट असतो. हिचं लुगडं आतल्या थरात होतं, ते फाटू नये म्हणून एकेक दोरा उचलून कापला. फाटलं नाही. तळहाताएवढी जागा परत उघडी झाली. आत बघायचं धाडस होईना.

मग भाकरी. आता घरात गॅस आहे, पण म्हणायला चूलच. ज्वारीचं पीठ मळलं. पहिली भाकरी थापतानाच फाटली. दुसरी परातीला चिकटली ती सुटेना. तिसरी तव्यावर गेली, जाड, एका बाजूनं करपलेली. ही असती तर म्हणाली असती, जनावराला तरी घाला. एक तुकडा मोडला, त्यावर गूळ ठेवला आणि कौदीच्या भोकात सारला. उरलेली भाकरी तिथंच, कौदीकडं तोंड करून खाल्ली. करपलेल्या बाजूसकट. घास खाली उतरला.

रीळ कोनाड्यात होतं, त्या संध्याकाळी ठेवलं तसंच. आम्ही ओवलेल्या सगळ्या सुया दोऱ्यात होत्या. पहिली ओढली, दोरा घेतला, तोडला. माझे टाके पोत्याला घालतात तसे पडले, मोठे आणि वाकडे. शेवटच्या गाठीपर्यंत मी कान देऊन होतो, कुणी बोलावतंय का म्हणून. शेजारच्या नळाला पाणी आलं होतं, तेवढाच आवाज.

मग पुढच्या दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या. चटया अंथरल्या, मधोमध कौदी पसरली. रस्त्याकडं बघवेना, म्हणून भिंतीला टेकून मान खाली घालून बसलो. रीळ मांडीवर घेतलं आणि येईल तिच्यासाठी दुसरी सुई पुढं ओढून ठेवली.