कणीक लावलेला ड्रम

झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, पोरांनी कवायतीसाठी डावा पाय उचलला, आणि माझ्या धाकट्या दिरांनी शाळेच्या ड्रमवर पहिली काठी मारली. आवाज आला तो म्हशीनं ओल्या गोणपाटावर शेपूट मारल्यासारखा. दुसरी काठी मारली तर तेवढाही आला नाही. सगळी शाळा एका पायावर उभी. पाय खाली कधी टेकवायचा ते ड्रम सांगेना, आणि ड्रमशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही असं दिरांनीच शिकवलेलं. दुसऱ्या रांगेतल्या एका पोरीचा तोल गेला, तिनं पुढचीची वेणी धरली. पाहुणे म्हणून आलेले सरपंच खाली बुटांकडे बघायला लागले. दिरांनी मात्र वर आभाळाकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हवा दमट हाय."

परभणी जिल्ह्यात वस्तू दुरुस्त करणारे पुष्कळ असतील, पण दुरुस्तीच्या नावाखाली वस्तू इतकी मन लावून बिघडवणारा माणूस माझ्या दिरांसारखा दुसरा नसेल. वय सत्तरीला टेकलेलं, लग्न केलं नाही, त्यामुळे बिघडवायला आमच्याच घरातल्या वस्तू. भिंतीवरचं घड्याळ पुढे पळतं म्हणून त्यांनी उघडलं. तेव्हापासून ते पळत नाही, आणि चालतही नाही. पिठाच्या डब्याचं झाकण घट्ट बसतं म्हणून कानशीनं घासलं, आता ते झाकण सरळ पिठात पडतं. मिक्सर मी ज्वारीच्या कणगीत लपवून ठेवते. विचारलं तर म्हणतात, "वैनी, वस्तूचं मन वळखावं लागतं." पन्नास वर्षं माझ्या हातचं खातात, माझं मन त्यांनी कधी ओळखलं नाही, नाहीतर मी दुपारी जरा लवंडले की नेमका चहा मागितला नसता.

मूळ दुखणं असं की ते पखवाजी आहेत. देवळातल्या भजनात जन्मभर पखवाज वाजवत आले, आणि चांगला वाजवतात. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही आणि बोलणारही नाही. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्याला, ओली कणीक थापतात, म्हणजे आवाज भारदस्त होतो. सूर चढवायचा तर चामड्याच्या वाद्यांखालचे लाकडी गट्टे हातोडीनं ठोकतात. थापायचं आणि ठोकायचं, एवढीच दोन औषधं त्यांना येतात, आणि जगातल्या सगळ्या रोगांवर ते तीच देतात.

शाळेचा ड्रम त्यांच्याकडे आला तो कवायत घेणारे गुरुजी बदलून गेले तेव्हा. ड्रम उचलायला कुणी पुढे आलं नाही, हे आले. कुणी नेमलं नव्हतं, कुणी काढलंही नाही. पंधरा ऑगस्ट, सतरा सप्टेंबरचा मुक्तिदिन आणि सव्वीस जानेवारी, या तीन सकाळी हे गळ्यात ड्रम घालून मुलांपुढे उभे राहणार. पांढरा सदरा दोन दिवस आधी गादीखाली घालून ठेवणार. या तीन सकाळी सोडल्या तर गावाचं त्यांच्यावाचून काही अडत नाही, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे.

ड्रम असा की सकाळी ताणला तर संध्याकाळी सैल. प्लास्टिकचं कातडं, वर लोखंडी कडं, कड्याला आठ बोल्ट, खाली खुळखुळणाऱ्या तारा. आठातल्या दोन बोल्टांचे आटे झिजले होते. आवळा, की ते आपले गोल फिरत बसणार. हे मला, चौथी शिकलेल्या बाईला, भाजी निवडता निवडता दिसलं. मी म्हटलं, "भावजी, दोन बोल्ट बदला. पेडगावच्या फाट्यावरून परभणीची एष्टी मिळती."

"वैनी, वाद्यात जीव असतो. बोल्टात न्हाई."

मग कड्यावर हातोडी चालली. मग सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. मग आली कणीक. आमच्या घरात रोजची ज्वारीची भाकरी, गहू सणावाराला. पण ड्रमाला रोज गव्हाचा गोळा. मी म्हटलं, "ज्वारीचं पीठ लावा की. आमी खातोच ना?"

"ज्वारीला चिकटपणा न्हाई. उडून जाईल."

"मग पुरणपोळीच थापते त्याच्यावर."

माझे मालक ओसरीवर बसून हसायचे. त्यांना ऐकायला कमी यायचं, पण भांडण बरोबर ऐकू यायचं. म्हणायचे, "थापू दे गं त्याला. तेवढाच मिक्सर वाचतो." एकदा ड्रम उन्हात ठेवलेला असताना कोंबड्या त्यावर चढून कणीक टोचायला लागल्या, आणि तो पहिल्यांदा ड्रमासारखा वाजला. मी म्हटलं, यंदा कोंबडीलाच उभं करा. दिरांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. ते दोन दिवस बरे गेले.

मुक्तिदिनाच्या आठवडाभर आधी शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या. नव्यानंच बदलून आलेल्या, बोलायला सरळ. म्हणाल्या, "काका, पंधरा ऑगस्टला मागच्या रांगेला काही ऐकू गेलं नाही. या वेळी ड्रम वाजला नाही तर मी स्पीकर लावणार. मोबाईलवर सगळा बँड मिळतो. ड्रम मग भंगारात देऊन टाकू."

 त्या दिवशी दिरांच्या ताटात अर्धी भाकरी तशीच राहिली. मी पुन्हा बोल्टाचं काढलं, तर म्हणाले, "बोल्ट बदलले आन् तरी न्हाई वाजला तर, वैनी?" मी कणीक मळून दिली. मुक्तिदिनाला पहाटे त्यांनी ती दुप्पट जाड थापली.

तर शाळा एका पायावर उभी होती. मोठ्या बाईंनी मोबाईलवर बोट ठेवलं. स्पीकरमधून मोठा बँड सुरू झाला, खणखणीत, कुठे सैल नाही. पोरं निघाली आणि दहा पावलांत त्यांचा गुंता झाला. कारण दिरांनी त्यांना चालवलं होतं भजनाच्या ठेक्यावर. चार पावलं टाकायची, मग जरा झुलायचं, मग पुढची चार. स्पीकरला झुलणं माहीत नव्हतं. पुढची रांग वळली, मागची सरळ गेली, मधली दोघं एकमेकांच्या पायावर पाय देऊन भांडायला लागली. एक पोरगी ओरडली, "बाई, ह्ये लय पळायलंय!"

तेव्हा दिरांनी दोन्ही काठ्या कमरेला खोचल्या. गळ्यातला पट्टा ओढून ड्रम पोटावर आडवा केला, कणकेची बाजू डाव्या हाताला घेतली, आणि पखवाजासारखी दोन्हीकडून थाप दिली. डावीकडून घुमलं, उजवीकडून तारा खुळखुळल्या. असा आवाज कुठल्या वाद्यातून निघायला नको, पण निघाला, आणि मैदानाच्या पार टोकाला गेला. पोरांचे पाय ओळीत पडले. चार पावलं, झुलणं, चार पावलं. मोठ्या बाईंनी मोबाईल बंद केला. शाळेच्या भिंतीपाशी माझ्या शेजारी उभे असलेले मालक म्हणाले, "आता वाजला."

"आडवा पाडून मारला म्हणून," मी म्हटलं.

ड्रम भंगारात गेला नाही. बाई परत घरी आल्या, चहा प्यायल्या, म्हणाल्या, "काका, तुम्हीच वाजवत जा. फक्त ती कणीक—"

"ती लागंलच, बाई."

तेव्हापासून दीर गावात सांगत सुटले की हे सगळं त्यांनी आधीच योजलं होतं. मी विचारलं, "मग तोंड का पांढरं पडलं व्हतं?"

"ऊन लागलं."

"सकाळी आठला? आन् हवा दमट व्हती ना?"

"तुमचा सवभावच खोचक हाय, वैनी," म्हणाले आणि चहा मागितला.

माघात माझे मालक गेले. आजारी असे पडले नाहीत, जेवून पडले ते उठले नाहीत. आता झेंड्याला मी एकटीच जाते. दीर ड्रम आडवा घेतात आणि हात उचलायच्या आधी एकदा भिंतीकडे बघतात. मी मान हलवते, की वाजवा. त्यांच्या वाजवण्यात आता जरा घाई असते. ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

त्या मुक्तिदिनाला आमच्या घरातून तिघं गेलो होतो. आता भावजी आहेत आणि मी आहे.