वहिनींची देवी

दुबईजवळच्या अजमानमधल्या आमच्या वहिनींच्या अंगात देवी यायची. ती घरी यायची नाही, आरतीला यायची नाही. वहिनी ढोल वाजवायला लागल्या की यायची. आधी त्यांचे तळहात खाजायचे, मग गळा आणि चेहरा लालबुंद व्हायचा, डोळे सुजायचे, आणि वहिनी कमरेच्या ढोलासकट डुलायला लागायच्या. "आली गं बाई, आली!" करत इथल्या मराठी मंडळाच्या बायका धावायच्या. कोणी ढोल सोडवायची, कोणी मळवट भरायची. बँकेत आणि मोठमोठ्या कंपन्यांत साहेबीण म्हणून मिरवणाऱ्या बायका वहिनींच्या पायांवर डोकं टेकवायच्या. थोड्या वेळानं सगळं ओसरायचं आणि वहिनी बारीक आवाजात पाणी मागायच्या.

एरवी वहिनी पोळ्या करायच्या. कराडजवळच्या एका गावातून लग्न होऊन इथे आल्या. भाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, शारजाच्या एका गोदामात स्टोअरकीपर. माझ्याच मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड. ओळखीतल्या नोकरदार घरांच्या पोळ्या त्यांच्याकडे असत. सकाळी लिफ्टमध्ये शिरलं की भाजलेल्या पिठाचा वास यायचा आणि लिफ्टमधला फिलिपिनो शेजारीसुद्धा नाक वर करून हसायचा. न फुगलेली पोळी गिऱ्हाइकाला द्यायची नाही, हा त्यांचा कायदा. ती त्या स्वतः खायच्या. "फुगली नाही म्हणून काय झालं, तिलाबी कुणीतरी खायला नको?" असं वर म्हणायच्या.

आणि दुसऱ्यांना खायला घालायच्या, ते तर विचारूच नका. ढोलाचा सराव इंडस्ट्रियल एरियातल्या भाड्याच्या शेडमध्ये व्हायचा. एसी नावाला, घामाच्या धारा. तिथे वहिनी फॉइलमध्ये गुंडाळलेले तूप-गुळाचे पोळीचे रोल घेऊन दारातच उभ्या. "पोटात पोळी नसंल तर हातात टिपरू टिकत न्हाई. खा आधी. यल्ला, चला!" खाल्ल्याशिवाय कोणाला ढोलाला हात लावू द्यायच्या नाहीत. सगळ्यांना वाटून झालं की उरलेले दोन रोल उभ्या उभ्या स्वतः संपवायच्या आणि सगळ्यात जड ढोल कमरेला बांधायच्या.

मी रक्ताच्या लॅबमध्ये काम करणारी बाई. दिवसभर दुसऱ्यांच्या नळ्या हाताळायच्या, मशीनला घालायच्या, रिपोर्ट सोडायचे. देवाधर्माचं माझं जेमतेमच. बाकीच्यांना दिसायची ती देवी, मला दिसायच्या त्या अंगावर उठलेल्या गांधी. बाई, ही ॲलर्जी आहे, रक्त तपासून घ्या, असं मी कितीदा कानीकपाळी ओरडले. वहिनी हसून म्हणायच्या, "लॅबवाले, तुला सगळीकडं रक्तच दिसतं." त्यांच्या मुलालाही तो प्रकार आवडायचा नाही, पण त्याचं कारण वेगळं. "आई, प्लीज, इट्स सो एम्बॅरसिंग. माय फ्रेंड्स आर हिअर," एवढं बोलून तो मोबाइलमध्ये डोकं घालायचा.

शेवटी एकदा ओढतच त्यांना क्लिनिकमध्ये नेलं. नेहमीच्या ॲलर्जीच्या रक्ततपासणीत धूळ निघाली, कोळंबी थोडीशी निघाली. दूध, अंडं, शेंगदाणा, गहू, सगळं निगेटिव्ह. मी कपाळाला हात लावला. वहिनींनी मात्र पेढे वाटले. "बघ, रक्तात काय सापडलं न्हाई. आता तरी देवीला नावं ठेवू नको." धूळ म्हणून घर दोनदा पुसायला लागल्या, कोळंबी सोडली. देवी येतच राहिली.

फक्त नवरात्रात यायची नाही. गंमत बघा, जिचे नऊ दिवस, तीच नेमकी गैरहजर! हॉल भरलेला, बायका ओट्या घेऊन बसलेल्या, वहिनी जीव तोडून ढोल बडवताहेत, हाताला फोड आलेत, आणि काही नाही. घरी येऊन रडायच्या. "माझ्या उपासात खोट असंल गं. एरवी बोलवायच्या आधी येती, आणि आपल्या सणाला रुसून बसती." मंडळातली एक आगाऊ बाई तर तोंडावर म्हणाली, "वहिनी, यंदा देवी व्हिसावर अडकली वाटतं." वहिनी हसल्या, पण त्या दिवशी त्यांनी प्रसादही घेतला नाही.

त्याच वर्षी दसऱ्याला घट उठले, उपास सुटले. वहिनींनी सगळ्या मंडळाला पुरणपोळ्या घातल्या, स्वतः दोन खाल्ल्या आणि ढोल बांधला. देवी आली, पण या वेळी भलत्याच जोरात. ओठ सुजून उलटे झाले, श्वासाची शिट्टी वाजायला लागली आणि वहिनी कोसळल्या. बायका हळद-कुंकू घेऊन धावल्या. मी एकीला ढकललंच. "बाजूला व्हा! मरतेय ती!" तर ती म्हणते, "अगं, देवीला असा हात लावू नये." माझ्या आयुष्यात मी कोणाला दिल्या नसतील अशा शिव्या त्या दिवशी दिल्या. भाऊंनी ॲम्ब्युलन्स बोलावली. ॲम्ब्युलन्समधल्या माणसानं आल्या आल्या मांडीत इंजेक्शन ठोकलं, तेव्हा कुठे शिट्टी थांबली.

हॉस्पिटलात एक इजिप्शियन डॉक्टर होता. त्यानं लगेच रक्त घेतलं, आणि मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडले. ॲलर्जीचा झटका आला की ट्रिप्टेज नावाचा पदार्थ रक्तात चढतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उतरतो. मागे वहिनींना क्लिनिकमध्ये नेलं होतं ते देवी गेल्यावर, सावकाश, सवडीनं. तोवर रक्तातली खूण पुसून गेलेली होती. या वेळी ती चोरासारखी रंगेहाथ सापडली. काय खाल्लं, डॉक्टरनं विचारलं. भाऊ म्हणाले, "रोजचंच. पोळी." आणि मला एकदम लख्ख दिसलं. उपासाला पोळी नाही. पोळी नाही तेव्हा देवी नाही. रोज घरी पोळी खातात, पण तेव्हा ढोल नाही. मी घाईघाईनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत ते सगळं सांगितलं. डॉक्टर खुर्चीत सरसावून बसला आणि त्यानं एक वेगळीच तपासणी लिहून दिली.

गव्हात पुष्कळ प्रथिनं असतात. नेहमीच्या तपासणीत गव्हाचा जो अर्क वापरतात, त्यातून एखादं प्रथिन निसटतं. वहिनींचं वैर नेमकं त्या एकाशी होतं. ओमेगा-५ ग्लायडिन त्याचं नाव. नुसती पोळी खाल्ली तर बहुतेक वेळा काही होत नाही, नुसता ढोल वाजवला तर काही होत नाही. पोळी खाऊन घाम गाळला की जिवावर बेततं. रिपोर्ट आला, ठणठणीत पॉझिटिव्ह. मी पेढे घेऊनच त्यांच्या घरी गेले. एवढ्या वर्षांनी निदान झालं होतं, जीव वाचला होता, आणखी काय हवं?

वहिनी कणीक मळत होत्या. सगळं ऐकून घेतलं. हात परातीत तसाच ठेवून म्हणाल्या, "म्हणजे गहूच. देवी नव्हतीच."

"नव्हती, वहिनी."

"मग इतकी वर्षं बायका पाया कुणाच्या पडत होत्या गं?"

मी प्रथिनाचं नाव पुन्हा एकदा नीट सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मळायला लागल्या.

पुढे वहिनी शहाण्यासारख्या वागल्या. सरावाच्या दिवशी सकाळपासून गहू बंद, पर्समध्ये झटक्यावरच्या इंजेक्शनचं पेन, दारात रोल वाटायच्या पण स्वतः चाखायच्याही नाहीत. ढोल पहिल्यासारखाच वाजायचा. चेहरा लाल व्हायचा नाही, कोणी धावत यायचं नाही. सराव संपला की त्याच साहेबिणी लांबूनच सांगायच्या, "वहिनी, उद्या पंधरा पोळ्या जास्त हं." मला ते ऐकून चीड यायची. वहिनी म्हणायच्या, "इन्शाल्ला, पाठवते," आणि पायात चपला सरकवायच्या.

मग भाऊंची नोकरी गेली. महिन्याभरात सामान बांधलं. मुलगा शिकायला पुण्यात राहिला, ही दोघं गावी गेली. निघताना त्यांनी मला त्यांचा तवा दिला. "विमानात वजन होतंय," म्हणाल्या. मी पेन कसं वापरायचं ते परत एकदा दाखवलं. "किती घोकून घेशील, लॅबवाले? खलास, आलं मला," म्हणाल्या आणि रडल्या. मीही रडले.

गावाहून त्यांचा फोन आला तो पालखीच्या दुसऱ्या दिवशी. आवाज खुशीत होता. "देवी आली गं काल. सगळा गाव पायाशी." मी लगेच विचारलं, वहिनी, काय खाल्लं होतं? त्या म्हणाल्या, "दोन घास पोळी, मग पालखीपुढं ढोल. मुद्दामच. रागावू नको. इतकी वर्षं तिकडं काढली, हितं मला कोण वळखतंय? देवी आली म्हंजे वळखतात." मी किंचाळले. पेन कुठं आहे? "आहे की. देव्हाऱ्यात ठिवलंय."

त्यानंतर मी दर दोन दिवसांनी फोन करायचे. ओरडायचे, शपथा घालायचे, भाऊंना दम द्यायचे. भाऊ "हो, हो" म्हणायचे. दसऱ्याला फोन कोणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी मुलाचा मेसेज आला. इंग्रजीत, दोन ओळी. आई गेली. हार्ट ॲटॅक, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. गावात सगळे म्हणतात की देवीनं तिला वाजतगाजत नेलं.

इथे मंडळात तसबीर लावली, हार घातला. त्याच बायकांनी डोळे पुसत हात जोडले. मी कोणाशी भांडले नाही. मला देवीचा राग नाही, गव्हाचाही नाही. त्या तव्यावर मी रोज पोळ्या करते. निम्म्या फुगत नाहीत. त्या मी खाते, आणि वहिनींनी कणीक मळता मळता विचारलं होतं त्याचं उत्तर रोज तव्यापाशी उभी राहून देते.

तुमच्याच पाया पडायला हवं होतं, वहिनी. तुमच्याच.