हॉलिसचा बुधला

अर्ध्या शेंगांच्या शिरा काढून झाल्या होत्या, अर्ध्या अजून वर्तमानपत्रावर पडल्या होत्या. तेवढ्यात माझा थोरला भाऊ हॉलिस मागच्या दाराने आला, खुर्ची ओढली आणि माझ्याबरोबर शेंगा मोडायला बसला. न सांगता तो कामाला हात लावतो तेव्हा त्याला काहीतरी सलत असतं.

"लू, खरं सांग. परवा मेळ्यात त्या पोरीला टाळ्या जास्त पडल्या का?"

"टाळ्या मोजायला गेले नव्हते मी."

"म्हणजे पडल्या."

हॉलिस शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो. त्याने लग्न केलं नाही. आई म्हणायची, याचं लग्न बुधल्याशी लागलंय. व्हिस्कीचा जुना तपकिरी मातीचा बुधला आहे तो, आमचे पणजोबा तो आगबोटीवर वाद्यासारखा फुंकायचे. त्याला तोंड लावायचं नसतं. ओठ केसभर लांब ठेवून फुरफुरवायचे, मग आतून जाड, घोगरा सूर उठतो. आगबोटीवरची ती जुनी गाणी पुन्हा वाजवणारे बँड आता आमच्या लुइव्हिल शहरात बरेच झालेत, पण घराण्यातून आलेला बुधला आपल्याच हातात आहे, हे हॉलिस नवख्या माणसाला पहिल्या भेटीतच ऐकवतो.

त्याच्या बँडचं नाव 'चिखलपाय'. अर्विन उलट्या टबाला काठी आणि दोरी बांधून ती दोरी छेडतो. त्याची बायको नेल बोटांत अंगुस्तानं चढवून कपडे घासायच्या पत्र्यावर ताल धरते. तिचा भाऊ बँजो वाजवतो. आणि बुधल्यावर हॉलिस, नेहमी हॉलिसच.

वसंतात त्याची दाढ काढली आणि सगळं बिनसलं. सुजल्या जबड्याने ओठ फुरफुरत नाहीत. त्याच्या जागी अर्विनने नदीपलीकडची ट्रूडी आणली. दाढ काढली त्याच दवाखान्यात ती कामाला आहे.

"तिनेच डॉक्टरला खुणावलं असणार," हॉलिस म्हणाला होता. "दाढ चांगली होती माझी."

"अरे, किडून पोकळ झाली होती."

"पोकळ वस्तूतूनच सूर निघतो."

दाढेची जखम भरली, तरी ट्रूडी गेली नाही. अर्विन म्हणाला, दोघंही वाजवा, लोकांना आवडतंय. इथपर्यंत हॉलिसने दात आवळून सोसलं. पण नदीकाठच्या मेळ्यातल्या शेवटच्या गाण्यात बुधल्याची एकट्याची पाळी असते. इतकी वर्षं ती हॉलिसची होती. अर्विनने ती ट्रूडीला दिली. मी रोज सकाळी प्रार्थनेत हॉलिसचं नाव घेते. त्या आठवड्यात ट्रूडीचंही घेतलं, त्याला सांगितलं मात्र नाही.

मेळ्यात शेवटचं गाणं आलं. ज्याची पाळी असते त्याच्यासाठी बाकीचे आवाज उतरवतात. कुणाला सांगावं लागत नाही. नेलची बोटं हलकी झाली, बँजो खाली आला. ट्रूडीने आपला निळा, चकचकीत बुधला उचलला. पहिली ओळ तिने वाजवली, तोच बाजूने हॉलिसचा बुधला घुमला. तिने दचकून पाहिलं, पण थांबली नाही. तोही थांबला नाही.

बुधलेवाला दोन ओळी फुंकतो आणि दोन ओळी श्वास घेतो, नाहीतर डोकं गरगरतं. आमच्या घरात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. ट्रूडी श्वासाला थांबायची तेव्हाही हॉलिस फुंकतच होता. ती जागाही तिला मिळू द्यायची नव्हती त्याला. त्याचे कान लाल झाले, मग ओठ पांढरे पडले. बुधला छातीशी धरून तो मागे झुकला आणि सरळ अर्विनच्या टबावर बसला. टबाचं बूड आत गेलं. लोकांना वाटलं, हा खेळाचाच भाग. सगळ्यांत मोठ्या टाळ्या तेव्हा पडल्या.

ट्रूडीने पाणी आणलं, दवाखान्यात करते तसं त्याचं डोकं गुडघ्यांत दाबलं.

"सावकाश श्वास सोडा, हॉलिससाहेब."

"तुझा बुधला हलका वाजतो," तो गुडघ्यांतून म्हणाला.

"हो. तुमचा भारी आहे. म्हणून तर तुम्हाला बसावं लागलं."

नेल तोंड फिरवून हसली. अर्विन हसला नाही. "टब घेऊन ये," तो म्हणाला, "मग पुढचं बोलू. पाळी तिचीच राहील."

हे सगळं मी पाहिलंच होतं, तरी शेंगा मोडता मोडता हॉलिसने ते मला पुन्हा सांगितलं. त्याच्या सांगण्यात टब आधीपासूनच कच्चा होता.

"दुसऱ्या ओळीच्या शेवटी ती सूर घसरवत खाली आणते," तो मध्येच म्हणाला. "पणजोबा तसं करायचे म्हणतात. मला कधी जमलं नाही. तिला कुणी शिकवलं?"

"तिलाच विचार."

"मेलो तरी विचारणार नाही."

त्याने हातातली शेंग मोडली, शीर माझ्या परातीत टाकली आणि शेंग कचऱ्यात. मी ती शीर वेचून बाजूला काढली. तो उठला, टोपी घातली.

"जेवून जा की."

"दुकान बंद होईल," तो म्हणाला आणि अर्विनसाठी पत्र्याचा नवा टब आणायला गेला.