तात्या सापडत नाहीत

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता आणि आजही नाही. तरी चाळिशीतली मी रोज सकाळी ऑफिसच्या कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळायची... कोणी विचारलं तर सांगायची, डासांसाठी आहे.

गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले तेव्हाची गोष्ट. ह्यांची कंपनी बंद पडलेली, घर माझ्या पगारावर. विश्रांतवाडीहून बुधवार पेठेत एका डीटीपीवाल्यांकडे मी टायपिंगला जायची. तिथले मुद्रितशोधक तात्या नुकतेच वारले होते. ते वापरायचे त्या कॉम्प्युटरचं नावही ‘तात्या’च, तो मालकांनी विकून टाकला.

तेव्हापासून माझं मशीन सुरू होताना दहा मिनिटं गप्प बसायचं. मग इंग्रजीत लिहायचं, ‘तात्या सापडत नाहीत.’ (आदरार्थी बहुवचन माझं.) आजूबाजूला कोणी नाहीसं बघून मी त्याला हळूच सांगायची, “अहो, गेले ते.” ढिम्म फरक नाही.

मालक म्हणाले, “बाई, वेळ कॉम्प्युटरला लागतो की तुम्हाला?” शनिवारी सकाळी स्मरणिकेची चाळीस पानं बिनचूक हवीत, नाहीतर दुसरीकडे बघा.

बिनचूक! आणि मी? ‘आणि’ला हटकून दुसरी वेलांटी द्यायची. तात्या लाल पेनाने गोल करून म्हणायचे, “कमलताई, पहिली असताना दुसरी कशाला?” ...वेलांटीबद्दल हो!

शुक्रवारी इंजिनिअर आले. उदबत्ती बघून हसले. “मावशी, भूत नाही, नेटवर्कची सेटिंग आहे. हे रोज तात्यांचं मशीन शोधतं, सापडेपर्यंत थांबतं.” त्यांनी ती सेटिंग काढली, केबलही उपटली. मशीन झटक्यात सुरू! मी घाईघाईने पानं संपवली. तपासायला वेळच उरला नाही.

शनिवारी मशीन पुन्हा दहा मिनिटं गप्प. मग फाइल उघडली... चाळीसच्या चाळीस पानांवर प्रत्येक ‘आणि’ पहिल्या वेलांटीचा.

नोकरी टिकली. इंजिनिअरांनी येऊन पाहिलं. सेटिंग काढलेलीच, केबल लोंबकळतेय. आपोआप शुद्धलेखन सुधारणारं मराठी सॉफ्टवेअर तेव्हा कुठलं? त्यांना कळलं नाही, मला आजतागायत कळलेलं नाही.

म्हणून या लेखाच्या पहिल्याच वाक्यात ‘आणि’ला मी मुद्दाम दुसरी वेलांटी दिली आहे. संपादकांनी हात लावणार नाही असं कबूल केलंय.

बघा बरं वर जाऊन.