रेडिएटरमधली हळद

आमच्या पिकअपचा रेडिएटर मी बिघडवला, हे आधीच कबूल करून टाकते. गळत तो पहिल्यापासूनच होता. लढाईतून उरलेल्या सामानाच्या लिलावात यांनी ती गाडी घेतलेली, आणि तिच्यात न गळणारी वस्तू म्हणजे फक्त स्टिअरिंग. सासूबाईंनी इलाज सांगितला, की पाण्यात हळद टाकायची. ती भेगेत जाऊन बसते आणि गळती थांबते. ड्रायव्हर लोक खरंच तसं करायचे. "किती टाकू?" मी विचारलं. "अंदाजाने टाक गं," त्या म्हणाल्या. आमच्या घरात मीठ, तिखट, साखर सगळंच अंदाजाने पडायचं, आणि माझा अंदाज अजून कच्चा होता. मी वाटीभर टाकली.

गळती थांबली. दोन दिवस मी घरात मिरवून घेतलं. तिसऱ्या दिवशी देवासच्या रस्त्यावर गाडीने असा वाफेचा फवारा सोडला, की यांना बैलजोडी लावून ती ओढत घरी आणावी लागली. भेगेबरोबर रेडिएटरच्या सगळ्या बारीक नळ्यासुद्धा हळदीने बुजल्या होत्या. "मी तर चुटकीभर सांगितली होती," सासूबाई म्हणाल्या. सांगितली नव्हती. पण सासूशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

ते दिवस मध्य भारत मोडून नवा मध्य प्रदेश झाल्याचे. राजधानी भोपाळ ठरली आणि कचेऱ्यांच्या मागोमाग कारकुनांची बिऱ्हाडं निघाली. आमच्या फ्रीगंज वस्तीत रोज कुणाच्या तरी दारात ट्रंका आणि पाळणे मांडलेले दिसायचे. यांची गाडी तीच बिऱ्हाडं पोचवत होती, आणि पुढची पाळी माझ्या शेजारणीची होती. तिचा नवरा आधीच भोपाळला हजर झाला होता, खोली घेऊन वाट बघत होता. तिचं सामान बांधून तयार, पण दुसरी गाडी कुणाकडे मोकळी नव्हती. आमची नीट होईपर्यंत ती आणि तिची दोन मुलं इथेच.

आम्हा दोघींमध्ये एक भिंत होती, तीही नावालाच. मी लग्न होऊन आले तेव्हा मला धड हिंदी येत नव्हती. भाजीवाल्याशी भांडायला तिने शिकवलं, डाळीत कुस्करून खायचे कणकेचे बाफले करायलाही तिनेच. तिच्या मुलांच्या पाट्या-पेन्सिली आणायच्या निमित्ताने आम्ही टावर चौकात जायचो, दोन-दोन कचोऱ्या खायचो आणि साळसूद चेहऱ्याने परत यायचो. पाट्या कधी कधी आणायच्या राहायच्या. सासरी मला पहिल्यांदा पोटभर हसायला आलं ते तिच्यामुळे. त्यामुळे स्पष्टच सांगते, ती गाडी नीट व्हायला मला नको होती.

यांनी मात्र इंदूरच्या कबाड्याकडून जुना रेडिएटर मिळवला. मिस्त्रीला बोलावणं म्हणजे यांना हार मानल्यासारखं वाटायचं, म्हणून रविवारी सकाळी अंगणातच काम सुरू झालं. खालचा नळ सोडला तसं पिवळंधमक पाणी अंगणभर पसरलं.

"शेजारी विचारतील, लग्न कुणाचं आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तू आत जाऊन बैस ना," हे म्हणाले.

वरचा पाइप निघाला, खालचाही निघाला, पण रेडिएटरचा एक नट काही केल्या हलेना. यांनी पाना लावून जोर केला, मग मुलाला समजवावं तसं त्याला समजावलं, शेवटी शिव्या दिल्या. शेजारीण रॉकेलची बाटली घेऊन आली. "भाऊ, हे टाकून थोडं थांबा. आमच्या शिलाई मशीनचा असाच खुलून जातो." पाव तासात नट खुलला. यांनी तिचे आभार मानले नाहीत, फक्त "मी तेच करणार होतो" म्हणाले. आम्ही दोघी पदरात तोंड घालून हसलो.

दुपारपर्यंत दुसरा रेडिएटर बसला. आम्ही विहिरीवरून बादल्या आणल्या, यांनी पाणी भरलं, इंजिन चालू करून पाहिलं आणि समाधानाने हात धुवायला मागच्या अंगणात गेले. आम्ही दोघी गाडीपुढे दमून उकिडव्या बसलो होतो. तेवढ्यात खालच्या पाइपच्या जोडावर एक थेंब जमला, लोंबला आणि पडला. मग दुसरा.

"दिसलं ना तुला?" तिने विचारलं.

"दिसलं."

"देवासपर्यंतसुद्धा नाही जाणार. परत यावं लागेल."

"मग आठ दिवस तरी निघतील."

आम्ही दोघी त्या जोडाकडे बघत राहिलो. मला सरळसरळ आनंद झाला होता, आणि त्याची लाज वाटत नव्हती.

"माझ्याने नाही सांगणं होणार," ती हळूच म्हणाली. "मुलं रोज विचारतात, बाबा कधी भेटणार. तरी नाही होणार. तूच सांगून दे."

मला तिचा भयंकर राग आला. जायचं हिने, आणि पाठवायचं मी? मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण तिच्या ओसरीवर तिची धाकटी बांधलेल्या वळकटीवर चपला घालूनच बसली होती, आणि गाडी उद्या निघायची होती.

"अहो!" मी ओरडले. "खालून गळतंय!"

हे ओल्या हातांनी धावत आले, क्लिपचा स्क्रू दोन आटे आवळला आणि जोड कोरडा झाला. "बरं झालं पाहिलंस," म्हणाले. लग्नानंतरची ती माझी पहिली तारीफ.

दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी गेली. निघताना सासूबाईंनी शेजारणीच्या हातावर दही ठेवलं.

दोन दिवसांनी हे परत आले ते छाती फुगवून. "भोपाळपर्यंत पाणी बोटभरसुद्धा कमी नाही झालं," म्हणाले. "कुठेच थांबावं लागलं नाही." मी "छान झालं" म्हटलं आणि तिथेच, त्यांच्यासमोर, हमसून हमसून रडायला लागले. सासूबाई आतून धावत आल्या आणि काही न विचारता यांना म्हणाल्या, "आल्या आल्या काय बोललास रे तिला?"